आईचा डबा आणि विमानातलं ‘ग्लुटेन-फ्री’ जेवण

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी परदेशात असते, सुट्टीत किंवा बाळंतपणासाठी जायचं असतं, तिकीट काढून झालेलं असतं. औषधांची यादी लिहून झाली की रुग्ण उठता उठता विचारतात, "डॉक्टर, विमानात ग्लुटेन-फ्री जेवण मिळतं ना हो?"

पूर्वी मी या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देत असे. "हो, मिळतं की. तिकीट काढताना सांगून ठेवा." आता मी रुग्णाला पुन्हा खुर्चीत बसवतो. एका वाक्याचं उत्तर किती महागात पडू शकतं ते मी घरात पाहिलं आहे. म्हणून हा लेख.

आमच्या आईला मी कितीतरी वर्षं लोहाच्या गोळ्या देत होतो. तिचं हिमोग्लोबिन आठ-साडेआठच्या वर जायचं नाही. गोळ्या बदलल्या, शिरेतून लोह दिलं, की थोडं चढायचं आणि काही महिन्यांत पुन्हा खाली यायचं. पोट फुगायचं, ते ती ‘गॅस’ म्हणून सोडून द्यायची. मीही सोडून द्यायचो. शेवटी पोटविकारतज्ज्ञ असलेल्या एका मित्राने चहा पिता पिता विचारलं, "टीटीजी केलीस का रे?" केली नव्हती. हा आजार म्हणजे उत्तर भारतातल्या लहान मुलांचा, असं माझ्या डोक्यात कुठेतरी पक्कं बसलं होतं. तपासणीत आकडा भरपूर वाढलेला निघाला. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेऊन तपासला आणि निदान पक्कं झालं. सिलिॲक आजार. आई तेव्हा एकसष्ट वर्षांची होती.

आजार थोडक्यात

गहू, बार्ली म्हणजे जव, आणि राय या धान्यांमध्ये ग्लुटेन नावाची प्रथिनं असतात. पोळीच्या कणकेला जो चिवटपणा येतो तो ग्लुटेनमुळेच. बहुतेकांना ग्लुटेनचा काहीही त्रास नसतो. पण ज्यांना सिलिॲक आजार असतो त्यांची प्रतिकारशक्ती ग्लुटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे मखमलीच्या लवीसारखे बारीक उंचवटे असतात. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. लोह लहान आतड्याच्या अगदी पहिल्या भागात शोषलं जातं आणि या आजारात तोच भाग सर्वांत जास्त बिघडतो. त्यामुळे जुलाब नसतानाही नुसता रक्तक्षय हे या आजाराचं लक्षण असू शकतं. मी आईच्या गोळ्या बदलत बसलो होतो आणि गोळ्या शोषणारी जागाच झिजलेली होती.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला. तेव्हा एरवी सगळी मुलं रोडावत असताना या आजाराची मुलं उलट सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिकेंना गव्हाचा संशय त्याआधीपासूनच होता. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आजही या आजारावर औषध नाही. ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद ठेवणं हाच उपचार.

"पूर्ण" म्हणजे किती पूर्ण, हे समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. एका अभ्यासात सिलिॲकच्या रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं गेलं, तेवढ्यानेही आतड्याला इजा झालेली दिसली. एका मध्यम पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा एका पोळीचा चाळिसावा-पन्नासावा भाग झाला. "एवढ्याशाने काय होतंय" हे वाक्य या आजारात चालत नाही ते यामुळे. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ असं लिहायचं असेल तर एक किलो पदार्थात ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. भारत, युरोप आणि अमेरिका, तिन्हीकडे हाच आकडा आहे.

घरी आम्हाला हे जमायला चार महिने लागले. आईने पोळी पहिल्या दिवशी सोडली, पण टीटीजी उतरेना. मग लक्षात आलं की ज्वारी आणि नाचणी आम्ही कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळून आणतो आणि आमच्या आधी तिथे कुणाचे तरी गहू दळलेले असतात. दुसरा चोर निघाला हिंगाच्या डबीत. बाजारातला हिंग पीठ मिसळून केलेला असतो आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं असतं. आम्ही घरघंटी घेतली, तांदळाचं पीठ वापरलेला हिंग शोधून आणला आणि मग कुठे हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. आई म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा जिना चढून धाप लागली नाही."

पहिला प्रवास

माझी बहीण शिकागोजवळ राहते. तिचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा आई जाणार हे ठरलेलंच होतं. ती एकटी जाणार होती, म्हणून आम्ही व्हीलचेअर मागवून ठेवली. तिला चालता येत नाही असं नव्हे, पण परक्या विमानतळावर एक माणूस सोबत असावा म्हणून. तुमच्यापैकी अनेकांनी आईवडिलांसाठी हेच केलं असेल. जेवणासाठी मी संगणकावर ‘ग्लुटेन-फ्री’ या पर्यायावर खूण केली, दुजोरा आला आणि मी निश्चिंत झालो. आई डबा करायला निघाली होती. मीच म्हणालो, "अगं कशाला ओझं? सगळं सांगून ठेवलंय."

मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर सुटलं. विशेष जेवणाचे ट्रे सर्वांच्या आधी येतात, तसा आईचा आला. त्यात भात आणि चिकन होतं. आई जन्मात मांसाहार न केलेली. तिने ट्रे परत केला. हवाई सुंदरी बिचारी चांगली होती, तिने शाकाहारी ट्रे आणून दिला. आईने त्यातला पराठा बाजूला ठेवला आणि थोडा भात खाल्ला. भाजीच्या रश्श्यात काय असेल याची शंका आली म्हणून भाजी सोडली. उतरण्याआधी नाश्ता आला, त्यात बटाट्याचं कटलेट होतं. बटाटाच तर आहे, असं समजून तिने ते खाल्लं. वरचा कुरकुरीत थर पावाच्या चुऱ्याचा होता.

युरोपातल्या विमानतळावर व्हीलचेअरवाल्या माणसाने तिला थेट पुढच्या विमानाच्या दाराशी नेऊन बसवलं आणि तो गेला. चार तास ती तिथे बसून होती. दुकानं लांब होती, भाषा येत नव्हती, आणि आपण उठलो आणि तेवढ्यात बोलावलं तर काय, ही भीती. दुसऱ्या विमानात पुन्हा ‘ग्लुटेन-फ्री’ ट्रे, पुन्हा त्यात मांस. तिने त्यातली फळं खाल्ली. शिकागोला उतरायच्या आधीच पोटात कळा सुरू झाल्या होत्या. नऊ महिने पूर्ण होत आलेली माझी बहीण विमानतळावर आईला आधार देऊन गाडीपर्यंत घेऊन गेली.

पुढचे चार-पाच दिवस उलट्या, जुलाब आणि गळून गेल्यासारखा थकवा. चौथ्या रात्री बहिणीला कळा सुरू झाल्या. ज्या बाळंतपणासाठी आई निम्मी पृथ्वी ओलांडून गेली, त्या रात्री ती दवाखान्यात नव्हती. बहिणीच्या घरी पलंगावर पडून होती, उशाशी साखर-मिठाचं पाणी घेऊन. नात सुखरूप झाली, पण आईने तिला पाहिलं ते तिसऱ्या दिवशी.

फोनवर मला हे कळलं तेव्हा मी काय म्हणालो ते सांगायला मला आजही बरं वाटत नाही. मी म्हणालो, "आई, तू कटलेट खाल्लंसच कसं? तुला सगळं समजावून सांगितलं होतं ना?"

ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "भूक लागली होती रे."

मी किती रुग्णांना असं रागावलो आहे, ते मला त्या दिवशी मोजावंसं वाटलं. पथ्य मोडलं की आम्ही डॉक्टर विचारतो, "का खाल्लंत?" त्या वेळी ताटात दुसरं काय होतं, हे आम्ही विचारत नाही. आईने पथ्य मोडलं नव्हतं. तिच्यापुढे खाण्यासारखं काही पोहोचेल याची व्यवस्था मी केली नव्हती. एका चौकटीत खूण करण्याला मी व्यवस्था समजलो होतो.

कुठे चुकलं?

परत आल्यावर मी हा विषय नीट समजून घेतला. तुम्हाला उपयोगी पडेल ते सांगतो.

विमान कंपन्यांत विशेष जेवणांना चार अक्षरी संकेत असतात आणि ते जवळजवळ सगळ्या कंपन्यांत सारखे असतात. ग्लुटेनविरहित जेवणाचा संकेत जीएफएमएल. या संकेताचा अर्थ फक्त ‘ग्लुटेन नको’ एवढाच होतो. शाकाहाराशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे त्यात चिकन, मासे, मांस काहीही येऊ शकतं. भारतीय शाकाहारी जेवणाचा संकेत वेगळा, एव्हीएमएल. जैन जेवणाचा व्हीजेएमएल. आणि मेख इथे आहे: बहुतेक कंपन्या एका प्रवाशाला एकच संकेत देतात. शाकाहारी आणि ग्लुटेन-फ्री, दोन्ही एकत्र मागायची सोय बहुतेक ठिकाणी नसते. आपल्याकडच्या शाकाहारी सिलिॲक रुग्णाची पंचाईत होते ती इथेच.

दुसरी गोष्ट, विमानात स्वयंपाक होत नाही. जेवण जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरात तयार होऊन, थंड करून, झाकून येतं आणि वर फक्त गरम केलं जातं. त्यामुळे "यात मैदा आहे का?" या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर ट्रे देणाऱ्या व्यक्तीकडे नसू शकतं. तिचं "बहुतेक नसावं" हे उत्तर प्रामाणिक असतं, पण आतड्याला ते पुरेसं नाही.

तिसरी गोष्ट, ट्रेमधला मुख्य डबा बरोबर असला तरी बाजूला ठेवलेला पाव, बिस्किट किंवा केक कधी कधी सर्वांचाच येतो. प्रत्येक वस्तूवरचं लेबल वेगळं वाचायचं.

प्रवासाआधीची तयारी

निदान, तेही कागदावर. अजून तपासणी झाली नसेल आणि नुसत्या शंकेने गहू सोडायचा विचार असेल, तर थांबा. टीटीजीची तपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. आधीच बंद केलं तर तपासणी चुकीने ‘नॉर्मल’ येऊ शकते. जवळच्या नातेवाइकाला हा आजार असेल तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांनीही तपासणी करून घ्यावी. निदान झालेलं असेल तर तुमच्या डॉक्टरांकडून इंग्रजीत एक पत्र घ्या: हा आजार आहे, हे पदार्थ चालत नाहीत, वैद्यकीय कारणासाठी स्वतःचं अन्न सोबत ठेवणं गरजेचं आहे. सुरक्षा तपासणीत आणि विमान रखडल्यावर काउंटरवर, दोन्हीकडे हे पत्र उपयोगी पडतं.

जेवणाची नोंद. तिकीट काढतानाच करा. बहुतेक कंपन्यांना किमान २४ ते ४८ तास आधी सांगावं लागतं. प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी फोन करून नोंद दिसते आहे का ते विचारा, आणि प्रत्येक टप्प्यासाठी वेगळं विचारा. तिकीट एका कंपनीचं आणि एका टप्प्याचं विमान दुसऱ्याच कंपनीचं, असं हल्ली सर्रास असतं. अशा वेळी नोंद पुढे पोहोचली आहे असं गृहीत धरू नका. विमान बदललं, तारीख बदलली, की नोंद पुन्हा करायची. मांसाहार चालत असेल तर जीएफएमएल मागा. शाकाहारी असाल तर आधी फोनवर विचारा की त्यांचं ग्लुटेन-फ्री जेवण शाकाहारी असतं का. नसेल तर फळांच्या ताटाचा पर्याय असतो, एफपीएमएल. फळांनी पोट भरत नाही हे खरं, पण त्यात सहसा धोका नसतो. बाकीचं पोट आपल्या डब्याने भरायचं.

देशातल्या विमानांत बरेचदा जेवण विकत घ्यावं लागतं. सँडविच, रोल, उपमा, नूडल्स हे सगळं आपल्याला बाद. उपम्याचा रवा हा गव्हाचाच, हे वेगळं सांगायला नको, पण घाईत विसरायला होतं. पोह्यांचं किंवा भाताचं पाकीट मिळालं तरी घटकपदार्थ वाचा. विमानतळावर साधी इडली हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. पण रवा इडली नको, आणि सांबारातल्या हिंगाची खात्री नसेल तर सांबारही नको. डोशाच्या तव्यावर आधी रवा डोसा झालेला असू शकतो. बटाट्याचे काप मैद्याच्या समोशाच्याच तेलात तळलेले असू शकतात.

लेबल वाचताना गहू, मैदा, रवा, कणीक एवढेच शब्द शोधून भागत नाही. ‘माल्ट’ हा शब्द शोधा, तो बहुधा बार्लीपासून केलेला असतो आणि कॉर्नफ्लेक्स, चॉकलेट, दुधात घालायच्या पावडरी यांत सापडतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. तयार सूप आणि रस्से दाट करायला मैदा वापरतात. अमेरिकेत पाकिटावर गव्हाचा ठळक उल्लेख करावा लागतो, पण बार्लीला तो नियम लागू नाही. म्हणून ‘गहू नाही’ म्हणजे ‘ग्लुटेन नाही’ असं समजू नका.

डब्यात काय?

आता मी सरळ सांगतो: विमान कंपनीचं जेवण मिळालं तर आनंद, पण हिशेब धरायचा तो फक्त आपल्या डब्याचा. आणि हा हिशेब प्रवासाच्या तासांपेक्षा किमान बारा तास जास्तीचा ठेवायचा.

आपण मराठी माणसं याबाबतीत नशीबवान आहोत. आपला उपवासाचा फराळ जवळजवळ सगळा ग्लुटेनविरहित आहे. राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजलेले मखाणे, घरची साबुदाण्याची खिचडी. खिचडी पहिल्या पाच-सहा तासांत संपवायची, बाकी गोष्टी टिकतात. त्याशिवाय घरघंटीवर दळलेल्या ज्वारीच्या, दुधात भिजवलेल्या दशम्या, कोरडी लसणाची चटणी, पातळ पोह्यांचा घरचा चिवडा, नाचणीचे लाडू. दोन गोष्टी जपा. राजगिऱ्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ बाहेर दळलेलं असेल तर गिरणीचा प्रश्न तिथेही येतोच. आणि थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतात, त्यामुळे थालीपीठ नेताना भाजणी वेगळी करून घ्या. निदान एक पदार्थ शेंगदाणे आणि सुकामेवा नसलेला ठेवा. विमानात कुणाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर ते उघडू नका अशी विनंती केली जाते आणि ती पाळायलाच हवी.

आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव किंवा लगद्यासारखा पदार्थ हातातल्या सामानात चालत नाही. दही, ताक, ओली चटणी, लोणचं हे सगळं त्यात मोडू शकतं. म्हणून डबा कोरडा ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यात तेल जास्त असतं आणि विमान वाहतुकीच्या नियमांत ते पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरतात. झटपट पोहे किंवा खिचडीचं घरी केलेलं कोरडं मिश्रण असेल तर विमानात गरम पाणी मागता येतं. उतरताना मात्र त्या देशाचे नियम पाळा. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ताजी फळं, बिया, मांस यांवर कडक बंधनं आहेत. उरलेली फळं विमानातच संपवा आणि जवळ खाण्याचं जे असेल ते अर्जावर लिहून जाहीर करा. जाहीर केलं तर फार तर वस्तू काढून घेतील, लपवलं तर दंड होऊ शकतो.

मधुमेहही असेल आणि इन्सुलिन चालू असेल तर एक नियम पाठ करा: खाण्यायोग्य जेवण प्रत्यक्ष समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन घ्यायचं नाही. ट्रे येईल म्हणून आधी सुई घेतली आणि ट्रे चुकीचा निघाला, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते.

आणि चुकून ग्लुटेन पोटात गेलंच तर? ते बाहेर काढणारं किंवा निष्प्रभ करणारं औषध नाही. त्यासाठी बाजारात मिळणाऱ्या पाचक गोळ्यांवर विसंबू नका. पाणी आणि ओआरएस घोट घोट घेत राहा. विमानातली हवा आधीच फार कोरडी असते, त्यात उलट्या-जुलाब झाले तर शरीरातलं पाणी लवकर कमी होतं. ओआरएसच्या दोन-तीन कोरड्या पुड्या हातातल्या पिशवीत असू द्या. सतत उलट्या, चक्कर, लघवी कमी होणं असं काही झालं तर कर्मचाऱ्यांना सांगा, उतरल्यावर डॉक्टरांना दाखवा. एका चुकीने जन्माचं नुकसान होत नाही. त्या चुकीबद्दल स्वतःला दोष देत बसू नका, पुढचं जेवण पुन्हा नियमाने घ्या. पण एक लक्षात ठेवा, श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी उठणं ही सिलिॲकची लक्षणं नाहीत. ती तीव्र ॲलर्जीची आहेत आणि तिथे क्षणाचाही विलंब नको.

दुसरा प्रवास

नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाला आई पुन्हा निघाली. या वेळी डबा तिने केला आणि मी मध्ये बोललो नाही. मी फक्त एक कार्ड छापून दिलं, तळहाताएवढं. त्यावर इंग्रजीत आणि ज्या देशात विमान बदलायचं होतं त्या देशाच्या भाषेत चार ओळी होत्या: मला सिलिॲक आजार आहे. गहू, बार्ली, राय आणि त्यांचं पीठ घातलेलं काहीही खाल्लं तर मी आजारी पडते. मी शाकाहारी आहे. मला फळं, साधा भात किंवा गरम पाणी दिलंत तर आभारी होईन. खाली माझा फोन नंबर.

कार्डाचा फायदा भाषेपुरता नव्हता. आई भिडस्त आहे. "त्यांना कशाला त्रास" हे तिचं ठरलेलं वाक्य. बोलायला तिला संकोच वाटतो, पण कार्ड पुढे करायला वाटत नाही. विमानात बसल्या बसल्या, जेवणाच्या कितीतरी आधी ते दाखवायचं आणि जागा बदलली तर पुन्हा दाखवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. विशेष जेवण आसनक्रमांकाप्रमाणे येतं. शेजारच्या कुटुंबाला एकत्र बसता यावं म्हणून तुम्ही उठून दुसरीकडे बसलात, तर तुमचा ट्रे जुन्याच जागेवर जातो.

त्या रात्री मुंबईहूनच विमान पाच तास उशिरा सुटलं. पुढचं विमान चुकलं. दुसऱ्या दिवशी तिला वेगळ्याच कंपनीच्या विमानात बसवलं आणि तिथे तिच्या जेवणाची कसलीही नोंद नव्हती. मला हे कळलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मी फोन लावला. आई युरोपातल्या विमानतळावर बसली होती.

"काही खाल्लंस का?" मी विचारलं.

"दोन दशम्या खाल्ल्या. चटणी आहे, लाडू आहेत. उद्यापर्यंत पुरेल. तू झोप आता."

शिकागोला ती तिसऱ्या दिवशी पोहोचली, आपल्या पायांनी चालत. संध्याकाळी बहिणीने फोटो पाठवला. त्यात आई ओट्यापाशी उभी होती आणि नात तिच्या पदराला धरून.

परत आल्यावर तिने डब्याची यादी एका कागदावर लिहून दिली: काय न्यायचं, किती न्यायचं, आधी काय संपवायचं. तो कागद आता माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. एप्रिलमध्ये जो रुग्ण तो प्रश्न विचारतो, त्याला मी तो दाखवतो. बहुतेक जण मोबाइलवर त्याचा फोटो काढून नेतात. शेवटची ओळ तिने स्वतःच्या मनाने घातली आहे, मला न विचारता: ‘एक जास्तीची दशमी ठेवा. विमान कधी सुटेल ते सांगता येत नाही.’

वैद्यकीय सल्ला म्हणून मला त्यात एकही शब्द बदलावासा वाटलेला नाही.

(या लेखातली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. तुमचं निदान, औषधं आणि आहार याबाबत तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्या. विमान कंपन्यांचे आणि देशोदेशीचे नियम बदलत असतात, निघण्याआधी ते एकदा तपासा.)